निशिगंध हलवला आणि नुसती पानंच आली

"जागा बदलली, पानं अशी तरारून आली की बघत राहावं, पण फुलांचा दांडा एकही नाही." दिवाळीच्या आसपास आमच्या सोसायटीत हे वाक्य कुणी ना कुणी म्हणतंच. मी स्वतः सलग तीन वर्षं फसलो. तिन्ही वर्षं कारण वेगळं होतं, म्हणून तर चूक सापडायला इतका वेळ लागला.

पहिल्या वर्षी मे महिन्यात पुण्याजवळच्या सोरतापवाडीच्या एका रोपवाटिकेतून निशिगंधाचे कंद आणले आणि कर्वेनगरातल्या आमच्या चार मजली इमारतीच्या उत्तरेच्या वाफ्यात लावले. भर मेमध्ये तिथे डोळे दिपवणारं ऊन होतं. पावसाळाभर पानं वाढली, दांडे आले ते दोनच, तेही वाकडे. दुसऱ्या वर्षी एका जाडजूड इंग्रजी बागकामाच्या पुस्तकात वाचलं की शरदात फुलणारे कंद भर उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टात हलवावेत. हलवले. फूल नाही. तिसऱ्या वर्षी शहाणपण आलं म्हणून फुलं संपल्या संपल्या नोव्हेंबरात काढले, काळ्या मातीच्या दुसऱ्या वाफ्यात ताज्या शेणासकट लावले आणि शेजारी पिटुनिया लावून रोज पाइप सोडला. जानेवारीत खुरप्याने उकरून बघितलं तर कंदांची खीर झाली होती.

पुण्यात शरदाच्या सुमाराला फुलणारं जे आपण हौसेने लावतो ते मुख्यतः चार: निशिगंध, पांढरी रेन लिली, सोनटक्का आणि कळलावी. शास्त्राच्या काटेकोर भाषेत यातले सगळे कंद नाहीत. सोनटक्क्याचे आल्यासारखे गड्डे असतात, कळलावीच्या मुळ्या नांगराच्या फाळासारख्या वाकड्या. पण खणताना आपण सगळ्यांना कंदच म्हणतो आणि सगळ्यांना एकाच दिवशी एकाच घमेल्यात घालतो. निम्मा घोटाळा इथेच होतो.

पुस्तकातला जुलै

ते इंग्रजी पुस्तक खोटं नव्हतं, ते दुसऱ्या गावचं होतं. इंग्लंडात शरदात फुलणारे कोल्चिकम, शरदातले क्रोकस यांची पानं फुलांसोबत किंवा फुलांनंतर येतात. ती हिवाळाभर किंवा वसंतात टिकतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर वाळून जातात. त्यांची झोप म्हणजे उन्हाळा. आपल्या काश्मीरचं केशरही असंच: पाम्पोरला ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरपर्यंत फुलतं, पानं हिवाळा काढतात, मे महिन्यात सुकतात, आणि कंद काढायचे-लावायचे ते मधल्या उन्हाळ्यात. तिथे जुलै-ऑगस्टचा नियम बरोबर आहे.

आपल्याकडे जुलै म्हणजे चिखल. निशिगंधाच्या दृष्टीने तर तो ऐन कामाचा महिना, कारण कंदाच्या पोटात दांडा तयार होत असतो. तेव्हा मुळं तोडली की झाड दांड्याचा नाद सोडतं आणि आधी मुळं भरून काढतं. पानं हिरवीगार राहतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. गंमत म्हणजे इंग्लंडातल्या कोल्चिकमचं आपल्याकडचं भावंड कळलावी, दोघं एकाच कुळातली आणि दोघांतही कोल्चिसीन हे जहाल विष. पण एक उन्हाळ्यात झोपतं आणि दुसरी पावसात जागी होते. महिना बघून खणू नका. झाड केव्हा झोपतंय ते बघा, आणि ते पानांवरून कळतं.

आधी एक गड्डी उकरून बघा

"फुलत नाही" एवढ्यावर उपाय करायला जाऊ नका. फेब्रुवारीत, पानं पिवळी पडल्यावर, वाफ्याच्या मधोमध असलेली एक गड्डी, म्हणजे एका जागी वाढलेला कंदांचा झुपका, काढा. कडेची काढू नका, कडेला नेहमीच बरं चाललेलं असतं. माती झटका आणि कंद वर्तमानपत्रावर मांडा.

माझ्या त्या उत्तरेच्या वाफ्यातली गड्डी काढली तेव्हा एका मुठीत मावेल एवढ्या जागेत वीस-पंचवीस पिल्लं निघाली, बहुतेक लसणाच्या पाकळीएवढी. मधला मोठा कंद चिपाडासारखा हलका. निशिगंधाचा एक कंद आयुष्यात एकदाच फुलतो. वनस्पतिशास्त्रज्ञ आता त्याला घायपाताच्या प्रजातीत, अगेव्हमध्ये धरतात, हे कळल्यावर मला त्याचा स्वभाव उमगला. घायपाताला एकदा तो उंच दांडा आला की ते झाड संपतं आणि बुडाशी पिल्लं उरतात. इथे तेच, फक्त छोट्या मापात. त्यामुळे "गेल्या वर्षी फुललेलाच कंद हलवला, मग यंदा का नाही?" या प्रश्नाचं उत्तर प्रश्नातच आहे. तो फुलला म्हणूनच यंदा फुलणार नाही. फुलतील ती त्याची पिल्लं, तीही जाडी धरल्यावर.

जाडी मोजायला माझं साधन म्हणजे दहा रुपयांचं नाणं. त्याचा व्यास २७ मिलिमीटर. कंदाचा सगळ्यात जाड भाग नाण्याच्या आसपास भरला तर यंदा दांडा येणार. नाण्याच्या निम्म्याहून थोडा जास्त असेल तर नशिबाचा खेळ. त्याहून बारीक असेल तर सरळ रोपवाटिकेत, म्हणजे गच्चीवरच्या जुन्या टबात, एक वर्ष वाढवायचा. ही निवड न करता सगळे कंद मुठीमुठीने लावले की पानांचं गवत उगवतं. आमच्या बाबतीत पहिल्या वर्षानंतरचा निम्मा घोळ हाच होता.

बाकी काय बघायचं? कंद दाबला की टणक लागला पाहिजे. बुडाची चकती, जिथून मुळं फुटतात, ती तपकिरी चालेल पण ओली, काळी, आंबूस वासाची नको. शंका असेल तर एक कंद उभा चिरून बघा. आत कांद्यासारखे पांढरे थर हवेत, मध्ये तपकिरी डाग नको. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमी, मुळांत राहणारा जंतासारखा बारीक जीव. मग जागा बदलणं एवढंच पुरत नाही, कारण कंदासोबत तोही नव्या जागी जातो. अशी गड्डी मी ठेवत नाही. शेजारी टोमॅटो-वांगी लावायचा मोह असेल तर तोही टाळा, त्यांनाही हाच सूत्रकृमी लागतो. त्या जागेत एक पावसाळा झेंडू घ्या. त्याने सूत्रकृमी कमी होतात आणि दसऱ्याची फुलं घरची होतात.

जागा ठरवायची ती ऑक्टोबरात

आता माझ्या पहिल्या वर्षाच्या चुकीकडे येतो, कारण ती चूक पुण्यातल्या इमारतींमध्ये सर्रास होते आणि तिचा कंदाशी किंवा मातीशी काही संबंध नाही.

पुणे साडेअठरा अंश उत्तरेला आहे. मेच्या मध्याला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. मग तो थोडा उत्तरेकडे जातो आणि जुलैच्या अखेरीस परत डोक्यावरून दक्षिणेकडे निघतो. म्हणजे मे ते जुलै इमारतीच्या उत्तरेच्या वाफ्यालाही भरपूर ऊन मिळतं. आपण कंद लावतो त्याच दिवसांत, आणि बघतो तर काय, लख्ख ऊन! पुढचं गणित सोपं आहे. आमची इमारत साधारण बारा मीटर उंच, वाफा भिंतीपासून तीन मीटरवर. सप्टेंबरच्या मध्याला दुपारची सावली सव्वातीन मीटर, म्हणजे वाफ्याच्या कडेला टेकते. ऑक्टोबरच्या मध्याला ती सहा मीटर होते. चार फुटी वाफा तिने केव्हाच गिळलेला असतो. गणपती उठले की सावली दारात उभी आणि नवरात्र बसेपर्यंत घरात. जेव्हा दांडे यायचे, तेव्हाच झाड अंधारात.

निशिगंधाला निदान सहा तास थेट ऊन हवं. म्हणून मी आता नवी जागा ऑक्टोबर हीटमध्येच शोधतो. रविवारी सकाळी नऊला, बाराला आणि तीनला बागेत जायचं आणि जिथे ऊन आहे तिथे बांबूच्या काड्या रोवायच्या. तीनही वेळा ज्या काड्या उन्हात असतील ती जागा निशिगंधाची. खणायचं अर्थातच तेव्हा नाही. फक्त काड्या रोवायच्या आणि फोटो काढून ठेवायचा. शेजारच्या काकूंनी विचारलं, "अहो, सर्व्हे नंबरची मोजणी चाललीय का?" मी हो म्हणालो. पुण्यात ते जास्त पटतं.

उलट, सावली आलेली ती उत्तरेची जागा वाया जात नाही. सोनटक्क्याला अर्धी सावली आणि ओल हवीच असते.

खणायचं ते फेब्रुवारीत

निशिगंधाचं वर्ष पुण्यात असं चालतं. नोव्हेंबरात दांडे कमी होतात. डिसेंबरात थंडी पडली की वाढ थांबते. पण आपण पाणी देत राहिलो तर पानं हिरवी राहतात आणि कंद अर्धवट जागा राहतो, इथेच घात होतो. डिसेंबरच्या सुरुवातीपासून पाणी तोडत न्यायचं, जानेवारीत बंद. पानं पिवळी पडून लोळतील. ती घाण दिसतात, मान्य आहे. सोसायटीच्या कमिटीकडून "बाग नीट ठेवा" असा निरोपही येतो. तरी पानं हिरवी असताना कापायची नाहीत. पुढच्या वर्षीचं भांडवल पानांतून कंदात उतरत असतं, कात्री लावली की ते तिथेच थांबलं. आमच्या माळीकाकांना हे पटवायला दोन हिवाळे गेले.

फेब्रुवारीत, माती भुसभुशीत कोरडी असताना, गड्डीपासून वीतभर लांब कुदळ घालून खालून उचलायचं. वरून पानं धरून ओढायचं नाही, मान मोडते. माती झटकायची, धुवायचं नाही. जुना फुललेला कंद आणि सडके कंद बाजूला, मोठे-मध्यम-बारीक असे तीन ढीग. मग गोणपाटावर सावलीत, वारा खेळता ठेवून चार ते सहा आठवडे विश्रांती. हा काळ फुकट जात नाही. तोडलेल्या मुळांच्या जखमा सुकतात, आणि विश्रांती घेतलेले कंद एकदम व जोमाने फुटतात. बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेले मात्र तिथेच घामेजून कुजतात. आणि स्वयंपाकघरात कांद्या-बटाट्यांच्या टोपलीशेजारी अजिबात नको. आईने एकदा रेन लिलीचे कंद छोटे कांदे म्हणून सोलायला घेतले होते. ते विषारी असतात.

लावायचं मार्चच्या अखेरीपासून मेपर्यंत. लावल्यापासून साधारण तीन ते चार महिन्यांत दांडे येतात, म्हणजे एप्रिलच्या शेवटी लावलेले ऑगस्टच्या आसपास सुरू होऊन शरदभर चालतात. जूनपर्यंत टाळाटाळ केली तर पहिल्याच मुसळधार पावसात मुळं नसलेला कंद नुसताच भिजत पडतो.

दरवर्षी काढायची गरज नाही, हेही सांगून ठेवतो. शेतकरीसुद्धा एकदा लावलेला निशिगंध साधारण तीन वर्षं ठेवतात आणि मग मोडतात. गर्दी झाली, दांडे आखूड यायला लागले, की हलवायची वेळ आली समजा. उगाच हौस म्हणून दरसाल उपटणाऱ्यांचाच निशिगंध जास्त रुसतो.

काळी माती, आणि शेजारची तहान

जुन्या पुण्यात नदीकाठच्या भागांत काळी माती, टेकड्यांच्या उतारावर मुरूम, आणि नव्या सोसायट्यांत बिल्डरने टाकलेला राडारोडा, वर चार इंच लाल माती. तुमच्याकडे यातलं काय आहे हे एका खड्ड्यात कळतं. फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा. दुसऱ्या वेळचं पाणी दोन-तीन तासांत गेलं तर ठीक. रात्रभर डबकं राहिलं तर तिथे निशिगंध लावणं म्हणजे त्याला बादलीत बुडवणं. आमच्या दुसऱ्या वाफ्यात सकाळीही पाणी होतं.

काळ्या मातीत कंदाखाली मूठभर वाळू घालायचा सल्ला सगळे देतात. मी तो केला आणि फसलो. भोवती चिकण माती आणि मध्ये वाळूचा खिसा, म्हणजे पाणी साठायला छान वाटी तयार झाली. त्यापेक्षा अख्खा वाफा सहा ते आठ इंच उचला. जुनी माती, बारीक मुरूम आणि पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत नीट कालवून वर भर घाला, कडेला विटा उभ्या लावा. खत "पूर्ण कुजलेलं" हवं, म्हणजे हातात घेतलं तर शेणाचा वास येता कामा नये, मातीचा आला पाहिजे. ताजं शेण कंदाला भाजतं आणि हुमणीला, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीला, आमंत्रण देतं. वाफ्याला मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड मिसळली तर बरं.

तिसऱ्या वर्षीची माझी पिटुनिया आठवतेय? पुण्यात नोव्हेंबर म्हणजे हंगामी फुलांचा महिना. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघून आलं की वाफ्यात रिकामी जागा ठेवणं जिवावर येतं. निशिगंध लोळलेला असतो, जागा मोकळी दिसते, तिथे पिटुनिया, फ्लॉक्स, अॅस्टर जातात. त्यांना हिवाळाभर पाणी हवं. खालच्या कंदाला हवी कोरडी झोप. एकाच पाइपने दोघांचं समाधान होत नाही. म्हणून कंदांच्या आळ्यात हंगामी फुलं थेट लावू नका. हवीच असतील तर कुंड्यांत लावा आणि कुंड्या वाफ्याच्या विटांच्या कडेवर मांडा, कंदांच्या डोक्यावर नको. कुंडीच्या बुडातून गळणारं पाणी नेमकं खाली जातं, हेही मी अनुभवाने सांगतोय.

लावताना

निशिगंधाला खोली तीन बोटं आणि अंतर एक वीत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. टोक वर. बुड कुठलं ते कळत नसेल तर आडवा ठेवा, तो आपला आपण वळतो. उभ्या-आडव्या रेघांत लावू नका, बाग म्हणजे कवायत नव्हे. सात-आठ कंदांचे पुंजके करा आणि दोन पुंजक्यांत हातभर जागा सोडा. दांडे अडीच-तीन फूट जातात, वाऱ्याने कलतात, पुंजक्यात एकमेकांना धरून राहतात. पुंजका खिडकीच्या किंवा बाकाच्या जवळ घ्या. याचा वास संध्याकाळनंतर येतो, तेव्हा तो लांब कोपऱ्यात ठेवून वास कंपाउंडच्या भिंतीला देण्यात काय अर्थ आहे?

खोल लावलेला कंद पिल्लं धरतो पण दांडा काढायला वेळ घेतो. फार उथळ लावला तर आडव्या पावसात माती धुपून उघडा पडतो. आमच्याकडे जुलैत पन्हाळीचं पाणी वाफ्यावर पडत होतं, तिथले कंद दर आठवड्याला बाहेर. शेवटी कंद हलवण्यापेक्षा पन्हाळीची नळी वळवली, साठ रुपयांत काम झालं.

वाफ्याला थोडा उतार असतोच. वरच्या, लवकर कोरड्या होणाऱ्या टोकाला निशिगंध. खालच्या टोकाला, जिथे पाणी थोडं थबकतं, तिथे पांढरी रेन लिली. ही रचना मी दिसायला छान म्हणून केलेली नाही. दोघींच्या सवयी एकमेकींविरुद्ध आहेत म्हणून केली आहे.

रेन लिलीला वाळवू नका

रेन लिलीचं दुखणं निशिगंधाच्या बरोबर उलट आहे, आणि निशिगंध शिकलेला माणूस इथे हमखास चुकतो.

पांढरी रेन लिली, जाड गवतासारखी गोल पात आणि सहा पाकळ्यांचं पांढरं फूल, मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिथे ती ओलसर जागी वाढते. ती झोपत नाही, पात बाराही महिने हिरवी. फुलते मुख्यतः पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि ऑक्टोबरपर्यंत. तिचे कंद निशिगंधासारखे सहा आठवडे गोणपाटावर पसरले तर मुळं मरतात, कंद आकसतात आणि पुढचं वर्ष सावरण्यातच जातं. तिला हलवायची तर एकाच सकाळी उचला आणि लावा. फेब्रुवारीअखेर ते मे हा काळ उत्तम, पण मातीच्या गोळ्यासकट पावसाळ्यातही हलवली तरी ती फारसं मनावर घेत नाही. एकेक कंद सुटा करू नका. दहा-बारा कंदांचा गठ्ठा तसाच नव्या जागी बसवा, मान मातीच्या पातळीला. दाटीत ती जास्त फुलते.

गुलाबी रेन लिलीचा एक खेळ मला आवडतो. तिला कोरड्यानंतरचा ओलावा हवा. पाऊस उघडला की दोन आठवडे पाणी पूर्ण बंद ठेवायचं आणि मग एकदम भरपूर द्यायचं. काही दिवसांत कळ्या वर येतात. पांढरीला हे फारसं लागत नाही. तिला सातत्याने ओल आणि ऊन दिलं की पुरतं.

सोनटक्का हलवायचा तो फुलं संपून काड्या वाळल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. गड्डे कापताना प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे ठेवा. फक्त दोन बोटं माती, अर्धी सावली, भरपूर पालापाचोळा आणि पाणी. त्याच्याबद्दल तक्रार एकच येते, ती म्हणजे पसरतो. ती तक्रार मी समस्या मानत नाही.

कळलावीचं मात्र जपून. गौरीच्या दिवसांत ती फुलते, कोकणात तिला गौरीचे हात म्हणतात. दिवाळीनंतर वेल सुकते आणि जमिनीवर नामोनिशाण राहत नाही. खाली ती वाकडी, दोन फांद्यांची मुळी असते आणि कोंब फक्त तिच्या टोकांना. टोक मोडलं की मुळी कितीही टणक दिसली तरी उगवत नाही. म्हणून कुदळ नको. लाकडी फळीने किंवा हाताने माती सारून काढा, मार्च-एप्रिलमध्ये. आडवी ठेवून चार बोटं खाली लावा, कोंब कंपाउंडच्या जाळीकडे, म्हणजे जून-जुलैत वेल पानांच्या टोकांच्या ताण्यांनी आपली आपण चढते. सगळं झाड विषारी आहे. हातमोजे घाला, आणि घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल तर मी ती लावूच नका म्हणेन. आणि डोंगरावरून उपटून आणू नका. रोपवाटिकेत मिळते.

"इथे तर काहीच नव्हतं!"

कंद हलवण्याच्या सगळ्या शास्त्रावर पाणी फिरवणारं वाक्य. फेब्रुवारी ते जून वाफा मोकळा दिसतो. माळीकाका येतात, त्यांना मोकळी जागा दिसते, कुदळ चालते. आमची कळलावी दोनदा अशी गेली. प्लास्टिकच्या पट्ट्यांवर मार्करने लिहिलं तर मे महिन्याच्या उन्हात अक्षरं उडतात. नंतर पुंजक्याभोवती नदीतले गोल दगड मांडले, तर कुणीतरी ते कुंड्यांत सजावटीला नेले. आता मी फुलं असतानाच, ऑक्टोबरात, प्रत्येक पुंजक्याच्या मागे जुन्या लोखंडी (जीआय) पाइपचा हातभर तुकडा ठोकून ठेवतो. कुदळ लागली की आवाज होतो. खेरीज भिंतीवर ऑइलपेंटचा छोटा ठिपका: पांढरा म्हणजे निशिगंध, लाल म्हणजे कळलावी. भिंत रंगवायला आलेल्यांनी एकदा ठिपकेही झाकले, पण पाइप कुणी उचलत नाही.

जागा बरोबर, वेळ बरोबर, तरीही नाही?

मग खत बघा. हिरवळ छान राहावी म्हणून लॉनला युरिया टाकला जातो आणि तो शेजारच्या वाफ्यात वाहत येतो. नत्र जास्त झालं की पानंच पानं. रेन लिली आणि कळलावीची पानं पावसाळ्यात रातोरात संपत असतील तर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या आणि नारिंगी-लाल खुणांच्या अळ्या शोधा. लिलीसारख्या झाडांवर येणाऱ्या या अळ्या कंदाच्या मानेपर्यंत खात जातात. फवारणीपेक्षा सकाळी चिमट्याने वेचणं आणि साबणाच्या पाण्यात टाकणं जास्त उपयोगी पडतं, फक्त आठवडाभर रोज करावं लागतं. आफ्रिकन गोगलगायी असतील तर त्या रात्री टॉर्च घेऊन वेचायच्या, हातमोजे घालून.

आणि हे सगळं वाचायच्या आत ज्यांनी ऐन सीझनमध्येच कंद उपटलेत, त्यांच्यासाठी. जुलै-ऑगस्ट असेल आणि मातीचा गोळा शाबूत असेल तर तसाच, एक पानही न कापता, त्याच दिवशी उन्हातल्या उंचावलेल्या वाफ्यात लावा. यंदाचा दांडा विसरा, पण पानं जगली तर कंद भरतील. गोळा सुटला असेल तर मोठ्या कुंडीत मुरूम मिसळलेल्या मातीत लावा आणि आठवडाभर सावलीत ठेवून मग हळूहळू उन्हात सरकवा. नोव्हेंबर असेल आणि कंद कोरडे असतील, तर लावण्याची घाई करू नका. पानं वाळेपर्यंत गोणपाटावर सावलीत पडू द्या, अधूनमधून चाळवा, मऊ पडलेला एक जरी दिसला तरी लगेच बाहेर काढा, आणि मार्चपर्यंत वाट बघा. मागच्या वर्षी आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी असेच नोव्हेंबरात उपटलेले चाळीस कंद माझ्याकडे आणून दिले. नाण्याच्या मापाचे सतरा निघाले. एप्रिलमध्ये दक्षिणेच्या कट्ट्यावर लावले आणि सप्टेंबरात त्यातल्या चौदांना दांडे आले. उरलेले तेवीस अजून गच्चीवरच्या टबात आहेत.